परसबागेजवळचे गांधीलमाश्यांचे पोळे: काढावे, की राहू द्यावे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: भाजीच्या वाफ्यांना लागून असलेल्या अवजारांच्या खोपीच्या छपराखाली गांधीलमाश्यांनी तळहाताएवढे पोळे केले आहे. खालून पाहिले की त्याची षटकोनी घरे उघडी दिसतात. वेलीच्या शेंगा तोडताना आठवड्याभरात दोनदा डंख बसला, घरात पाच वर्षांचे मूल आहे, आणि आता पोळ्यावर कीटकनाशक फवारावे, ते जाळून टाकावे की जाणकाराला बोलवावे, तसेच फवारल्यास खालची भाजी खाण्याजोगी राहील का, हे आपल्याला हवे आहे.

घरांच्या आणि बागांच्या परिसरातील पोळी हाताळण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आलो आहे. माझे पहिले सांगणे असे की आज पोळ्याला हात लावू नका. दोन दिवस चार-पाच मीटरांवरून सकाळी आणि दुपारी शांतपणे पाहा आणि तीन गोष्टींची नोंद करा: पोळ्यावर साधारण किती माश्या बसलेल्या असतात, त्या कोणत्या दिशेने ये-जा करतात, आणि तुमची रोजची पायवाट किंवा हाताचे काम त्या मार्गाला कोठे छेदते. हे माहीत नसताना घेतलेला निर्णय भीतीचा असतो, आणि या कामातले बहुतेक अपघात भीतीच्या घाईत झालेले मी पाहिले आहेत.

गांधीलमाशी म्हणजे काही एकच माशी नव्हे, आणि पुढचे सारे उत्तर ती कोणती आहे यावर अवलंबून आहे. एका बारीक देठावर लोंबणारे, उलट्या छत्रीसारखे, वरून आवरण नसलेले राखाडी पोळे कागदी गांधीलमाश्यांचे असते. पोलिस्टेस आणि रोपालिडिया या प्रजातींच्या माश्या यात येतात. त्या बारीक कमरेच्या असतात, पोलिस्टेस तर उडताना मागचे लांब पाय खाली सोडून उडते, आणि एका पोळ्यावर सहसा काही डझन माश्या असतात. याउलट झाडावर किंवा छपराच्या पोकळीत कागदी कवचाने पूर्ण झाकलेला, खाली किंवा बाजूला एकच दार असलेला गोळा दिसला, तर तो बहुधा वेस्पा प्रजातीच्या मोठ्या गांधीलमाश्यांचा असतो. त्यात शेकडो माश्या असू शकतात आणि त्यांचा डंख फार जबर असतो. जमिनीतल्या एखाद्या बिळातून माश्यांची सतत ये-जा चालू असेल, तर ते वेस्पुला किंवा वेस्पामधल्या जमिनीत घर करणाऱ्या जातीचे पोळे समजावे. वेस्पुलाच्या मोठ्या वसाहतीत माश्यांची संख्या काही हजारांपर्यंत जाते. भिंतीवर चिखलाचे गाडगे किंवा नळ्या करणारी कुंभारीण मात्र एकटी राहते, तिला राखायला वसाहत नसते आणि ती घरटे वाचवण्यासाठी माणसावर धावून येत नाही. तिने अळ्या आणून कोंडायच्या आणि काही दिवसांनी त्याच घरट्यातून नवी कुंभारीण बाहेर पडायची, हे पाहूनच आपल्याकडे कीटकभृंगन्याय, म्हणजे कोंडलेली अळीच भृंग होते हा समज, रूढ झाला. प्रत्यक्षात ती अळी आत वाढणाऱ्या पिलाचे अन्न असते. कुंभारणीचे घरटे काढण्याचे कारणच नसते. आपण केलेल्या वर्णनावरून तुमच्या खोपीतले पोळे कागदी गांधीलमाश्यांचे आहे, आणि माझे बहुतेक विवेचन त्याच गृहीतावर आहे.

या माश्यांचे तुमच्या वाफ्यात काय काम असते, ते समजल्यावर निर्णय सोपा होतो. प्रौढ गांधीलमाशीची कमर इतकी अरुंद असते की तिला घन अन्न गिळता येत नाही. ती फुलांतला मध, मावा या किडीने सोडलेला चिकट गोड स्राव आणि पिकलेल्या फळांचा रस यांवर जगते. पोळ्यातल्या पिलांना मात्र मांस लागते. म्हणून कामकरी माश्या दिवसभर पानोपानी फिरून अळ्या पकडतात, त्यांचा चावून गोळा करतात आणि तो पिलांना भरवतात, आणि त्याच्या बदल्यात पिले आपल्या तोंडातून जो पोषक द्रव देतात तो प्रौढ माश्या पितात. कोबीवरच्या किंवा टोमॅटोवरच्या अळ्या यातून सुटत नाहीत. ब्राझीलमध्ये झालेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पोलिस्टेस माश्यांमुळे बंदिस्त क्षेत्रातील मक्यावरच्या लष्करी अळीचा आणि उसावरच्या खोडकिड्याचा उपद्रव लक्षणीय कमी झाल्याचे दिसले. अमेरिकेत तर गेल्या शतकाच्या मध्यापासून तंबाखूच्या शेताभोवती लाकडी खोकी टांगून या माश्यांना मुद्दाम घर देण्याचे प्रयोग झाले आहेत. अर्थात याचा अतिरेकी अर्थ काढू नये. गांधीलमाश्या मावा किंवा कोळी-किडीचा बंदोबस्त करीत नाहीत, फुलपाखरांच्या निरुपद्रवी अळ्याही त्या सोडत नाहीत, आणि पिकून फुटलेल्या फळांवर त्या जमतातच. तरीही ज्या वाफ्यावर तुम्ही अळ्यांसाठी फवारणी करणार होता, त्या वाफ्यावर एक छोटे पोळे असणे ही माझ्या दृष्टीने सोय आहे.

आता तुम्हाला बसलेल्या दोन डंखांकडे वळतो, कारण खरा प्रश्न तेथे आहे. कागदी गांधीलमाशी पोळ्यापासून दूर असताना भांडण उकरून काढीत नाही. वेलीत शिकार शोधणाऱ्या माशीवर तुमची बोटे नकळत पडली आणि ती चेपली गेली, तर ती डंख मारते, आणि अशा डंखाशी पोळ्याचा संबंध फक्त इतकाच की माशी तेथून आली होती. पोळे काढले तरी शेजारच्या अंगणातून येणाऱ्या माशीकडून तोच डंख बसू शकतो. याला उपाय म्हणजे शेंगा तोडण्यापूर्वी वेल काठीने हलकेच हलवून क्षणभर थांबणे, हातात बऱ्यापैकी जाड मोजे घालणे, पानांच्या गर्दीत न पाहता हात न खुपसणे, आणि शक्य असेल तर अगदी सकाळी, गारव्यामुळे माश्या मंद असताना तोडणी करणे.

परंतु दुसरी एक शक्यता आहे, आणि ती मी प्रत्येक वेळी तपासतो. वेलीच्या मांडवाची तार किंवा दोरी खोपीच्या वाशाला बांधलेली आहे का? तशी ती असेल, तर शेंग तोडताना दिलेला प्रत्येक झटका तारेवरून वाशाला आणि वाशावरून थेट पोळ्याच्या देठापर्यंत पोहोचतो. गांधीलमाश्यांच्या दृष्टीने पोळे हादरणे म्हणजे हल्ला होणे. माणूस दोन मीटरांवर शांत उभा असला तर त्या त्याच्याकडे दुर्लक्ष करतील, पण पोळे टांगलेला वासाच हलू लागला की त्या पंख ताठ करून पोळ्याच्या कडेला येतात आणि पुढच्या झटक्याला एखादी झेपावते. हीच गोष्ट आपटून लागणाऱ्या दाराची, पत्र्यावर ठोकलेल्या हातोडीची आणि जमिनीतल्या पोळ्याजवळ चालवलेल्या गवत कापण्याच्या यंत्राची आहे. दोन्ही डंख तोडणीच्या वेळीच बसले, असे तुम्ही लिहिले आहे, म्हणून मला ही शंका अधिक येते. संध्याकाळी माश्या स्थिरावल्यावर ती तार वाशाजवळ न जाता मांडवाच्या बाजूने सोडा, मांडवाला स्वतंत्र खांब द्या, दाराच्या चौकटीला कापडाची किंवा रबराची पट्टी लावा, आणि आठवडाभर पाहा. अशा एवढ्याशा बदलाने तक्रार थांबल्याची आणि पोळे आपला काळ पुरा करून रिकामे झाल्याची अनेक उदाहरणे माझ्या कामात आहेत.

पोळे राहू द्यायचे की काढायचे, याची माझी कसोटी अंतराची आहे. पोळे डोक्याच्या उंचीपेक्षा बरेच वर असेल, त्याच्या दोन-तीन मीटरांच्या आत कोणाला रोज काम करावे लागत नसेल आणि घरात कोणाला डंखाची ॲलर्जी नसेल, तर ते राहू द्यावे. पोळे दाराच्या चौकटीत, नळाजवळ, जिन्याच्या कठड्याखाली किंवा मुलाच्या खेळण्याच्या जागेत असेल, तर काढावे. लहान मुलाला अंतर पाळायला सांगता येते, पण त्यावर विसंबता येत नाही; मूल दगड मारते, काठीने डिवचते, आणि त्याच्या उंचीवरच्या पोळ्याजवळून धावते. म्हणून तुमच्या खोपीचे पोळे मुलाच्या हाताच्या टप्प्यात असेल, तर वरची तार-खांबाची सारी चर्चा बाजूला ठेवून ते काढण्याच्याच बाजूने मी मत देईन. झाकलेले गोलाकार पोळे किंवा जमिनीतले पोळे यांना ही अंतराची मोजपट्टी लागू करू नये. त्यांचे रक्षणक्षेत्र कितीतरी मोठे असते आणि त्या पाठलागही लांबपर्यंत करतात.

पोळे आपोआप संपेल का, याचे उत्तर हवामानावर आहे. जेथे कडाक्याची थंडी पडते, तेथे वसाहत एका वर्षाची असते: वसंतात एकटी राणी घर मांडते, उन्हाळ्याच्या अखेरीस संख्या शिखराला जाते, नव्या राण्या आणि नर बाहेर पडतात, आणि थंडीत जुन्या कामकरी माश्या मरतात. तेथे चार-सहा आठवडे थांबणे हाच पुष्कळदा पुरेसा उपाय असतो. उष्ण प्रदेशात मात्र काही जातींची पोळी वर्षाच्या कोणत्याही महिन्यात सुरू होतात आणि दीर्घकाळ चालतात, त्यामुळे नुसते थांबून राहण्यावर तेथे भिस्त ठेवता येत नाही.

काढायचे ठरले, तर ते कोणी काढावे? एकच माशी, पाच-दहा घरे आणि जमिनीवर उभे राहून हात पोहोचेल अशी जागा, एवढे असेल तर घरचा सावध माणूस ते करू शकतो. वेस्पा किंवा वेस्पुला असेल, पोळे भिंतीच्या पोकळीत असेल, शिडी लावावी लागत असेल, किंवा काढणाऱ्याला पूर्वी डंखाने अंगभर त्रास झाला असेल, तर प्रशिक्षित माणसाखेरीज कोणी हात लावू नये. तळहाताएवढे, वीस-पंचवीस माश्यांचे पोळे या दोन टोकांच्या मध्ये येते. अनुभव नसेल, तर तेही जाणकाराकडे द्यावे, असे मी स्पष्ट सांगतो.

घरच्या माणसाने छोटे पोळे काढताना वेळ अंधार पडल्यानंतरची घ्यावी, कारण तेव्हा बहुतेक माश्या पोळ्यावर परतलेल्या आणि सुस्त असतात. जाड कापडाचे पूर्ण बाह्यांचे कपडे, पायमोज्यात खोचलेली विजार, मनगटावर घट्ट बसणारे मोजे आणि तोंडावर जाळी हवी. विजेरी हातात धरू नये, ती बाजूला दूर ठेवावी आणि तिच्यावर लाल कागद किंवा कापड बांधावे. कीटकांना लाल उजेड फारसा जाणवत नाही, आणि काही माश्या प्रकाशाच्या दिशेने उडत येतात. मागे सरकण्याची वाट आधीच मोकळी करून ठेवावी. लिटरभर पाण्यात भांडी घासण्याचा द्रव साबण दोन मोठे चमचे मिसळून, जोरदार धार देणाऱ्या फवाऱ्याने पोळे पूर्ण भिजवावे. साबणामुळे पाण्याचा पृष्ठताण कमी होतो, पाणी माशीच्या अंगावरच्या श्वसनरंध्रांत शिरते आणि ती गुदमरते. पंख भिजल्याने तिला उडताही येत नाही. भाजीजवळ काम करताना मला हाच उपाय सर्वांत समाधानाचा वाटतो, कारण त्यामागे विषाचा अंश उरत नाही. अर्धवट भिजवणे मात्र घातक आहे, आणि पाण्याच्या नळीचा नुसता झोत हा तर उपाय नव्हेच. माश्या निपचित पडल्यावर लांब दांड्याच्या खरवडणीने पोळे देठासह पिशवीत पाडावे, तोंड बांधावे, आणि देठाची जागा खरवडून साबणाच्या पाण्याने पुसावी. हे पुसणे टाळू नये. दुसऱ्या दिवशी बाहेर राहिलेल्या दोन-चार माश्या त्याच जागी घिरट्या घालताना दिसतील आणि कधी त्याच ठिकाणी पुन्हा बांधू लागतील. त्या सहसा काही दिवसांत पांगतात.

कीटकनाशकाच्या बाबतीत मी फार काटेकोर आहे. गांधीलमाश्यांसाठी मिळणाऱ्या बहुतेक फवाऱ्यांत पायरेथ्रॉइड गटातील द्रव्ये असतात. ती मधमाश्यांना आणि पाण्यातल्या माशांना अत्यंत विषारी आहेत, आणि वर छपराकडे मारलेल्या फवाऱ्याचे तुषार खाली वाफ्यावरच उतरतात. भाजीवर वापरायला मान्यता असलेल्या औषधाच्या वेष्टनावर फवारणी आणि तोडणी यांमध्ये किती दिवस सोडावेत, ते छापलेले असते. पोळ्यासाठीचा फवारा भाजीसाठी बनवलेलाच नसतो, त्यामुळे त्याला असा कालावधीच नसतो. म्हणून त्याचे तुषार पडलेली पालेभाजी किंवा शेंग धुऊन खावी, असे मी कोणालाही सांगणार नाही; ती टाकून द्यावी. फवारणे अटळच असेल, तर आधी तोडणी उरकावी, वाफ्यावर प्लॅस्टिक अंथरावे, वारा पडलेली रात्र निवडावी, आणि दुसऱ्या दिवशी ते प्लॅस्टिक आतल्या बाजूस गुंडाळून उचलावे.

जाळण्याचा विचार पूर्णपणे सोडून द्या. कोरडे कागदी पोळे, लाकडी वासा आणि खालची खोप यांना पेटायला क्षण पुरतो. जमिनीतल्या बिळात रॉकेल किंवा पेट्रोल ओतणेही तितकेच वाईट आहे, कारण आगीचा धोका राहतोच, शिवाय ज्या मातीत तुम्ही भाजी लावता ती माती नासते. बीळ बुजवण्याची चूक मी स्वतः उमेदवारीच्या काळात केली आहे. भिंतीच्या फटीतले दार मी रात्री सिमेंटने बंद केले. माश्यांनी आतला मऊ गिलावा कुरतडून दोन दिवसांत घराच्या आतल्या खोलीत वाट काढली, आणि त्या कुटुंबातल्या एका वृद्ध बाईंना डंख सोसावे लागले. तेव्हापासून वसाहत जिवंत असताना मी कोणतेही दार बंद केलेले नाही.

पोळे राहू देणार असाल किंवा नसाल, माश्यांना वाफ्याकडे ओढणाऱ्या गोष्टी कमी करणे तुमच्या हातात आहे. गळलेली फळे रोज उचलावीत, खताच्या ढिगावर फळांच्या साली उघड्या टाकू नयेत, आणि शेंगांच्या वेलीवर मावा वाढू देऊ नये, कारण त्याच्या गोड स्रावासाठी माश्या पुन्हा पुन्हा त्याच पानांवर येतात आणि तुमचा हातही तेथेच जातो. गोड द्रवाचे सापळे वाफ्यात लावू नयेत. कागदी गांधीलमाश्या त्यात फारशा सापडत नाहीत आणि इतर माश्या मात्र वासाने बागेत येतात.

डंख बसला तर जागेवर झटापट करू नये. गांधीलमाशीच्या नांगीला मधमाशीसारखे मोठे काटे नसतात, त्यामुळे ती कातडीत अडकून राहत नाही आणि एकच माशी अनेकदा डंख मारू शकते. शिवाय अनेक जातींच्या विषात इतर माश्यांना सावध करणारा गंध असतो, म्हणून पोळ्याजवळ माशी चिरडणे म्हणजे बाकीच्यांना बोलावणे होय. चेहरा झाकून, हात न उडवता, पोळ्यापासून दूर जावे. जागा साबणाने धुवावी, हाताला डंख असेल तर अंगठी आणि बांगडी लगेच काढावी, आणि कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे धरावा. चुना, सोडा किंवा व्हिनेगर लावल्याने कातडीखाली गेलेले विष निष्प्रभ होत नाही. सूज एक-दोन दिवस वाढत जाणे अनपेक्षित नाही.

परंतु डंखाच्या जागेपासून दूर अंगभर गांधी उठणे, ओठ, जीभ किंवा घसा सुजणे, श्वास लागणे, वारंवार उलट्या होणे, चक्कर किंवा शुद्ध हरपणे यांपैकी काहीही दिसले, तर ती तीव्र ॲलर्जी समजून तत्काळ आपत्कालीन मदत बोलवावी. यावरचे मुख्य औषध मांडीच्या बाहेरील स्नायूत टोचायचे ॲड्रेनालिन हे आहे, ॲलर्जीची गोळी नव्हे. गोळी खाऊन वाट पाहण्यात जीव गेलेले आहेत. रुग्णाला आडवे ठेवून पाय उंच करावेत, श्वास लागत असेल तर टेकवून बसवावे, आणि एकदम उभे करू नये. बरे वाटले तरी रुग्णालयात जावेच, कारण काही तासांनी त्रास उलटू शकतो. ॲलर्जी नसतानाही मोठ्या गांधीलमाश्यांचे अनेक डंख बसले असतील, तर स्नायूंना आणि मूत्रपिंडांना इजा होऊ शकते, म्हणून लघवी गडद होण्याची वाट न पाहता तपासणी करून घ्यावी. पूर्वी असा तीव्र त्रास झालेल्या व्यक्तीसाठी विषाचे अल्प प्रमाण वाढवत नेण्याची उपचारपद्धती उपलब्ध आहे, आणि ती बरीच परिणामकारक आहे.

तेव्हा तुमच्या बाबतीत क्रम असा ठेवा: आज मुलाला खोपीकडे जाऊ देऊ नका आणि तेथे दोरी बांधून हद्द आखा, दोन दिवस पाहा, मांडवाची तार कोठे बांधली आहे ते तपासा, पोळे मुलाच्या टप्प्यात नसेल तर तार सोडवून आठवडाभर थांबा, आणि टप्प्यात असेल तर माश्यांची संख्या आणि पोळ्याची उंची सांगून जाणकाराला बोलवा, त्याला खाली खाण्याची भाजी आहे हे पहिल्याच वाक्यात सांगा. पोळे निघाल्यावर नव्या हंगामाच्या सुरुवातीला दर आठवड्याला खोपीचे वासे, कुंड्यांच्या कडा आणि मांडवाचे कोपरे नजरेखालून घाला. त्या वेळी देठावर चार-पाच घरे आणि एकच माशी असते, आणि ती बाहेर गेली असताना काठीच्या टोकाने ते घर काढून जागा पुसली की तिला बागेच्या लांबच्या कोपऱ्यात नवे घर मांडायला पुरेसा वेळ उरतो.